लहानपणी नेलेली मुलं आणि एकविसावा वाढदिवस

(या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जे बोललो तेच आहे, फक्त अडखळणं काढलंय आणि तारखा पुन्हा तपासल्यात.)

आजचा भाग माफीने सुरू करतो.

दोन भागांपूर्वी एका श्रोत्याने विचारलं होतं, "दादा, अमेरिकेत आईबापांनी लहानपणी नेलेल्या मुलांना तिथे राहायचा हक्क असतो ना?" मी छातीठोकपणे सांगितलं, "असतो. ओबामांनी कायदा केलाय, डाका नावाचा. लहानपणी गेलेल्यांना हात लावता येत नाही." आणि पुढच्या प्रश्नावर गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर एक व्हॉइस नोट. माझ्या पुतणीची. चुलतभावाची मुलगी, टेक्सासमध्ये असते. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी, मध्येच एखादा कन्नड शब्द, आमच्या घरात बोलतात तसं. ती म्हणाली, "काका, एपिसोड ऐकला. तुम्ही सांगितलं ते माझ्याबद्दल नाहीये. त्या वाक्यात तीन चुका आहेत. आणि आता दोड्डव्वा सगळ्यांना सांगत फिरतीय की माझं काम झालं."

दोड्डव्वा म्हणजे तिची आजी, माझी थोरली काकू. मैंदर्गीत आमच्या जुन्या घरात असते. अक्कलकोटहून दुधनीकडे जाताना आमचं गाव लागतं. तिने माझा भाग नातवाकडून मोबाईलवर लावून घेतला, ऐकला आणि गल्लीत पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. माझ्या एका चुकीच्या वाक्यावर.

म्हणून आज ते वाक्य दुरुस्त करायचंय. पण नुसतं "चुकलं" म्हणून भागणार नाही. हा गैरसमज माझा एकट्याचा नाही. इथे आपल्याकडे आहे, तिथे अमेरिकेतल्या लोकांमध्येही आहे. तो कुठून आला हे कळायला थोडं मागे जावं लागतं. चला.

आधी ती कोण आहे ते सांगतो

पुतणीचा जन्म सोलापूरचा, २००४ चा. भाऊ पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये होता. २००९ मध्ये त्याला एच-१बी व्हिसा मिळाला आणि तो बायको आणि पाच वर्षांच्या लेकीला घेऊन गेला. एच-१बी म्हणजे कामाचा तात्पुरता व्हिसा. त्याच्या बायको-मुलांना मिळतो तो एच-४. पुतणी तिथेच पहिलीत गेली, तिथेच बारावी झाली. तिचा धाकटा भाऊ २०११ मध्ये तिथेच जन्मला.

गेल्या सोळा वर्षांत ती मैंदर्गीला तीनदा आली. शेंगाचटणी आवडते, कडक भाकरी मोडता येत नाही. आली की पोरं तिला "अमेरिकेची" म्हणतात. तिथे मात्र कागदावर ती कधीच अमेरिकेची नव्हती.

२०२५ मध्ये तिला एकवीस वर्षं पूर्ण झाली. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यात 'मूल' या शब्दाची व्याख्या आहे: अविवाहित आणि एकवीस वर्षांच्या आतलं. त्या वाढदिवसाला ती 'मूल' राहिली नाही आणि वडिलांच्या व्हिसावरून तिचं नाव गळलं. त्यांच्याकडे याला 'एज आउट' होणं म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर वय उलटलं, नाव कटलं.

आता गैरसमज एकेक करून घेऊ.

गैरसमज पहिला : डाका हा कायदा आहे

नाही. पहिली चूक इथेच.

गोष्ट सुरू होते शाळेपासून. १९७५ मध्ये टेक्सास राज्याने कायदा केला की जी मुलं कागदपत्रांशिवाय देशात आलीत, त्यांच्या शाळेसाठी राज्य पैसे देणार नाही. टायलर नावाच्या गावातल्या शाळा प्रशासनाने अशा मुलांकडे वर्षाला हजार डॉलर फी मागायला सुरुवात केली. ती बहुतेक मेक्सिकोतून आलेल्या मजुरांची मुलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं: प्लायलर विरुद्ध डो. १५ जून १९८२ रोजी पाच विरुद्ध चार असा निकाल लागला. या मुलांना सरकारी शाळेतून बाहेर ठेवता येणार नाही. न्यायमूर्ती ब्रेनन यांच्या निकालाचा गाभा असा की आईबापांनी जे केलं त्याचा दंड लेकरांना लावणं न्यायाचं नाही.

मोठा निकाल होता. पण नीट बघा, तो बारावीपर्यंतचाच होता. शाळा शिका, पुढे नोकरी, राहण्याचा परवाना, नागरिकत्व यांबद्दल त्यात काही नाही. म्हणजे शाळेचं दार उघडलं आणि बारावीनंतर पुढे भिंत. अशी एक अख्खी पिढी त्या भिंतीपाशी येऊन थांबली.

२००१ मध्ये सिनेटर डर्बिन आणि हॅच यांनी या मुलांसाठी विधेयक आणलं. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली की 'ड्रीम' होतं, म्हणून या मुलांना 'ड्रीमर' म्हणायला लागले. एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन, दोघांनी मिळून आणलेलं. तरी पास झालं नाही. पुन्हा आणलं, पुन्हा पडलं. डिसेंबर २०१० मध्ये खालच्या सभागृहात २१६ विरुद्ध १९८ मतांनी मंजूर झालं. वाटलं, आता झालं. सिनेटमध्ये चर्चा संपवून मतदानाला जायला ६० मतं लागतात. पडली ५५.

पाच मतं कमी पडली. तो कायदा आजही झालेला नाही.

म्हणून १५ जून २०१२ रोजी ओबामा सरकारने दुसरी वाट काढली. तारीख लक्षात आली का? प्लायलर निकालाला बरोबर तीस वर्षं झाली तो दिवस. त्या दिवशी गृहसुरक्षा खात्याने एक आदेशपत्र काढलं. त्याचं नाव डाका. आपल्याला दरोडा आठवतो, पण ती इंग्रजी आद्याक्षरं आहेत. आदेशाचा अर्थ एवढाच: या मुलांना देशाबाहेर काढण्याची कारवाई आम्ही तूर्त पुढे ढकलतो.

आपल्याकडचं उदाहरण देतो. गायरानात घर बांधलेल्या माणसाला तहसीलदाराने सांगितलं, "दोन वर्षं तुझं घर पाडणार नाही, दोन वर्षांनी पुन्हा अर्ज कर." यात जागा त्याच्या नावावर झाली का? सातबाऱ्यावर नाव चढलं का? नाही. फक्त जेसीबी दारात येणार नाही, एवढंच. आणि साहेब बदलले की कागद बदलू शकतो. डाका तसंच आहे. संसदेने केलेला कायदा नाही, सरकारने दिलेली मुदत आहे.

गैरसमज दुसरा : डाकामुळे नागरिकत्व मिळतं, आणि ते सगळ्यांना मिळतं

ओबामांनी घोषणा करतानाच स्पष्ट सांगितलं होतं की हा नागरिकत्वाचा रस्ता नाही, तात्पुरता उपाय आहे. डाका मिळालेल्याला दोन वर्षांचा कामाचा परवाना मिळतो. दर दोन वर्षांनी फी भरायची, बोटांचे ठसे द्यायचे, पुन्हा मागायचा. मतदान नाही, ग्रीन कार्ड नाही. केंद्र सरकारची शिक्षणमदत नाही. कर मात्र भरायचा. "त्यांना सगळं फुकट मिळतं" असं तिथे म्हणणारे खूप आहेत, त्यांच्यासाठी हे सांगतोय.

आणि सगळ्यांना तर अजिबात नाही. अटी बघा. वयाच्या सोळाव्या वर्षाआधी आलेला हवा. १५ जून २००७ पासून सलग तिथेच राहिलेला हवा. १५ जून २०१२ रोजी वय ३१ च्या आत हवं. शिकत असला पाहिजे किंवा शाळा पूर्ण केलेली हवी, किंवा सैन्यातून सन्मानाने सुटलेला हवा. गंभीर गुन्हा नको. म्हणजे २००८ मध्ये दोन वर्षांचं बाळ कडेवर घेऊन कुणी आलं असेल तर ते बाळ कायमचं बाहेर. ही तारीख तेव्हापासून पुढे सरकलेली नाही.

आजवर आठ लाखांहून जास्त तरुणांना डाका मिळाला. त्यातले बहुसंख्य मेक्सिकोचे. भारतीय त्यात फार थोडे. का थोडे, हे कळलं की तिसरा गैरसमज कळतो. माझी खरी चूक तिथे आहे.

गैरसमज तिसरा : कायदेशीर मार्गाने गेलेली मुलं तर जास्तच सुरक्षित

मला हेच वाटत होतं. जे चोरवाटेने आले त्यांनासुद्धा संरक्षण आहे, मग आमची पोरगी तर विमानाने, शिक्का मारून गेलेली. तिला काय धोका?

उलटं आहे. डाकाच्या अटींमध्ये आणखी एक अट आहे: १५ जून २०१२ या दिवशी अर्जदाराकडे कायदेशीर दर्जा *नसला* पाहिजे. नसला! त्या दिवशी ज्याच्याकडे वैध व्हिसा होता, तो अपात्र.

पुतणीची २००७ ची तारीखही हुकली होती, ते खरं. पण तिच्या कॉलेजातली एक मुलगी २००५ मध्ये आलेली, तीन वर्षांची असताना, तीही एच-४ वर. तिलाही डाका नाही. कारण तिच्या आईबापांनी एकही दिवस नियम मोडला नव्हता.

या मुलांना तिथे 'डॉक्युमेंटेड ड्रीमर' म्हणतात. कागद असलेले ड्रीमर. त्यांची संख्या अडीच लाखांच्या आसपास सांगतात आणि त्यात भारतीय घरांतली मुलं सगळ्यात जास्त. पुणे, नागपूर, कोल्हापूर, सोलापूरहून गेलेल्या कुठल्याही मराठी मंडळाच्या गणपतीत उभे राहा. ढोल वाजवणाऱ्या पोरांमध्ये यातलं कुणी ना कुणी असतंच.

सरकारला २०१२ मध्ये असं का करावंसं वाटलं? हिशेब साधा होता. ज्यांच्याकडे दर्जा आहे त्यांना देशाबाहेर काढण्याचा प्रश्नच नाही, मग कारवाई 'पुढे ढकलणार' कशाची? शिवाय समजूत अशी की हे लोक रांगेत आहेत, त्यांचा नंबर येईलच.

नंबर येईलच, या समजुतीत सगळं अडकलंय. ती रांग बघू.

रांग कशी चालते

इथे आणखी शंभर वर्षं मागे जाऊ, फार वेळ घेत नाही.

१९२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात ठरवलं की भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. ज्यांना आधीच नागरिकत्व दिलं होतं त्यांचंही परत घ्यायला सरकार निघालं. त्यात लॉस एंजेलिसचे एक वकील होते, सखाराम गणेश पंडित. नाव ऐकूनच आपले कान टवकारतात. त्यांना १९१४ मध्ये नागरिकत्व मिळालं होतं. त्यानंतर त्यांनी वकिलीची सनद घेतली, अमेरिकन बाईशी लग्न केलं, घर केलं. नागरिकत्व गेलं की हे सगळं धोक्यात. पंडितांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: तुम्हीच कोर्टात बसून मला नागरिक केलंत, मी त्या शब्दावर विसंबून अख्खं आयुष्य उभं केलं, आता बारा वर्षांनी तुम्ही तो शब्द मागे घेणार? १९२६ मध्ये वरच्या कोर्टात ते जिंकले. एकदा कोर्टाने निकाल देऊन मिटवलेली गोष्ट पुन्हा उकरता येणार नाही, या मुद्द्यावर. पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने सरकारचं अपील ऐकायला नकार दिला.

'विसंबणं' हा शब्द लक्षात ठेवा. पुढे परत येणार आहे.

१९४६ मध्ये भारतीयांसाठी दार किलकिलं झालं: वर्षाला १०० माणसं. शंभर! १९६५ मध्ये वंशावर आधारलेली जुनी पद्धत मोडीत निघाली आणि आपले डॉक्टर, इंजिनियर जायला लागले. मग आला १९९० चा कायदा. आजची रांग त्यानेच बांधलेली आहे. नोकरीच्या आधारे वर्षाला १,४०,००० ग्रीन कार्डं, आणि कुठल्याही एका देशाला त्यातली सात टक्क्यांपेक्षा जास्त नाहीत. ढोबळ हिशेब केला तर एका देशाला ९,८००. बायको-मुलंही याच आकड्यात मोजतात. आइसलँडला तीच मर्यादा, भारताला तीच मर्यादा. दुसऱ्यांची उरलेली कधी मिळतात, पण मूळ गणित हेच.

त्याच १९९० च्या कायद्याने एच-१बी व्हिसा आजच्या रूपात आणला. म्हणजे एका हाताने भारतीयांना कामाला बोलावलं आणि दुसऱ्या हाताने कायमचं राहण्याचं दार सात टक्क्यांवर ठेवलं. तीस वर्षांत रांग इतकी वाढली की २०२५ च्या उन्हाळ्यात भारतीयांच्या दोन मोठ्या गटांत २०१३ साली लागलेल्या अर्जांचा नंबर चालू होता.

माझ्या भावाचा अर्ज २०१४ चा.

रेशनच्या दुकानात तुम्ही पहाटे रांगेत उभे राहिलात, पिशवीत लेकराचं कार्ड आहे. तुम्ही खिडकीपाशी पोचता पोचता आतला माणूस म्हणतो, "याचं वय उलटलं, नाव कमी करा." तुम्ही जागेवरून हललेला नाहीत, रांगही मोडलेली नाही. वेळ गेला तेवढाच.

वयातून दिवस वजा करणारा कायदा

हे असं होतंय हे संसदेला दिसत नव्हतं असं नाही. ६ ऑगस्ट २००२ रोजी 'चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन अ‍ॅक्ट' आला. मुलांच्या दर्जाचं रक्षण करणारा कायदा. हा खरोखरचा कायदा आहे, आदेशपत्र नाही. अनेक आईबाप यावर निर्धास्त असतात: "मुलांचं वय गोठवतात म्हणे."

गोठवत नाहीत. अशा नोकरीच्या अर्जात काय करतात? तुमचा नंबर येईल त्या दिवशीचं मुलाचं वय घेतात आणि मालकाने केलेला अर्ज सरकारी टेबलावर तपासणीत जितके दिवस पडून होता तितके दिवस त्यातून वजा करतात. बस्स. त्यानंतर रांगेत घालवलेली दहा-बारा वर्षं वजा होत नाहीत.

आता गंमत ऐका, गंमत म्हणायला जीभ रेटत नाही पण ऐका. माझ्या भावाच्या कंपनीने जास्तीची फी भरून तो अर्ज पंधरा दिवसांत तपासून घेतला होता. सगळे खूश. मैंदर्गीत फोन आला होता, "लवकर काम झालं!" त्या लवकर झालेल्या कामामुळे पुतणीच्या वयातून वजा झाले फक्त ते थोडेसे दिवस. तोच अर्ज वर्षभर धूळ खात पडला असता तर तिला वर्षभराची सवलत मिळाली असती. घाई महागात पडली म्हणतात ती अशी.

आणि नंबर 'आला' असं नेमकं कुठल्या तक्त्यावरून मानायचं, हेही बदलत राहतं. २०२३ मध्ये सरकारने मुलांना थोडा फायदा होईल असा तक्ता धरायला सुरुवात केली होती. १५ ऑगस्ट २०२५ पासून तो बदलून पुन्हा कडक केला. पुतणीला तसाही त्याचा उपयोग नव्हता, पण काठावर असलेली कितीतरी मुलं त्या एका बदलाने पलीकडे पडली.

गैरसमज चौथा : सुप्रीम कोर्टाने डाका वाचवला, म्हणजे तो कायम झाला

सप्टेंबर २०१७ मध्ये ट्रम्प सरकारने डाका बंद करण्याचं जाहीर केलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि १८ जून २०२० रोजी सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ती बंदी रद्द केली. मुख्य न्यायाधीश रॉबर्ट्स यांनी निकाल लिहिला.

बातम्यांमध्ये आलं, "डाका वाचला." पण कोर्टाने डाका कायदेशीर आहे असं म्हटलंच नव्हतं. म्हटलं एवढंच की बंद करायचा तर नीट कारणं द्या, पर्यायांचा विचार करा. आणि लाखो तरुण या आदेशावर *विसंबून* शिकले, नोकरीला लागले, घर-संसार केला, त्याचा विचार तुम्ही केलाच नाही.

आला की नाही शब्द परत? सखाराम पंडितांचा शब्द. मुद्दे वेगळे, कायदे वेगळे, पण मधल्या चौऱ्याण्णव वर्षांत प्रश्न तोच: सरकारच्या कागदावर विसंबून कुणी आयुष्य उभं केलं, तर त्या विसंबण्याला काही किंमत आहे की नाही?

कोर्ट म्हणालं, किंमत आहे, विचारात घ्या. वाचवावंच असं नाही म्हणालं. पुढच्याच वर्षी, जुलै २०२१ मध्ये, टेक्सासच्या केंद्रीय न्यायालयाने डाका बेकायदा ठरवला आणि नवे अर्ज मंजूर करणं थांबवलं. जुन्यांचं नूतनीकरण चालू राहिलं. जो २०१२ मध्ये पाच वर्षांचा होता तो अर्ज करायच्या वयाचा होता होता खिडकी बंद.

गैरसमज पाचवा : धाकटा नागरिक आहे, तो बहिणीला सोडवेल

हा खास आमच्या दोड्डव्वाचा. "तो तिथं जन्मलाय न्हवं? मग तो घेईल की सगळ्यांना."

एकाच घरात, एकाच ताटात जेवणारी दोन भावंडं. तो तिथे जन्मला म्हणून नागरिक. हा नियम त्यांच्या संविधानाच्या १८६८ च्या दुरुस्तीतून आला आणि वोंग किम आर्क या चिनी आईबापांच्या मुलाच्या खटल्यात १८९८ मध्ये पक्का झाला. ती सात वर्षं आधी सोलापुरात शिकायला नाही, नुसती जन्मायला होती, म्हणून परदेशी.

आता तो सोडवेल का? भावंडासाठी अर्ज करायला नागरिकाचं वय किमान एकवीस लागतं. तो एकवीसचा होणार २०३२ मध्ये. मग बहिणीसाठी अर्ज, आणि त्या गटातली भारतीयांची रांग २०२५ मध्ये २००६ च्या आसपासच्या अर्जांवर होती. हिशेब तुम्हीच करा. रांग याच वेगाने चालली तर पुतणी तेव्हा पन्नाशीच्या दारात असेल.

मग तिच्यापुढे रस्ते कुठले?

एच-४ वर असताना तिला शिकता येत होतं, पण काम करता येत नव्हतं. तिच्या मैत्रिणी सोळाव्या वर्षी आइस्क्रीमच्या दुकानात उन्हाळ्यात काम करून पैसे मिळवायच्या, ही घरी बसायची. २०१५ पासून ग्रीन कार्डाच्या रांगेतल्या एच-१बीवाल्यांच्या नवरा-बायकोंना कामाचा परवाना मिळायला लागला, मुलांना नाही.

एकविसाव्या वर्षी पर्याय उरतात ते असे: विद्यार्थी म्हणून एफ-१ व्हिसा घ्यायचा, पुढे नोकरी मिळाली तर स्वतःचा एच-१बी लॉटरीत लागतो का बघायचं, आणि लागला की वडिलांनी सुरुवात केली होती तिथून, रांगेच्या शेपटापासून, उभं राहायचं. नाहीतर देश सोडायचा. या मुलांसाठी 'अमेरिकाज् चिल्ड्रन अ‍ॅक्ट' नावाचं विधेयक २०२१ मध्ये आलं, २०२३ मध्ये पुन्हा आलं. दोन्ही पक्षांचे लोक त्यावर सही करतात. पास होत नाही. २००१ ची गोष्ट आठवतेय ना?

"मग ये की परत!"

हे मला गावात चार जणांनी तरी ऐकवलं. कायद्याचा गैरसमज नाही हा, पण उत्तर द्यायला हवं. आणि ते देताना आपणही आरशात बघायला हवं.

आपल्याला वाटतं, आपल्याकडे असं नाही. आहे. भारतात १ जुलै १९८७ च्या आधी इथे जन्मलेलं मूल सरसकट नागरिक होतं. त्यानंतर आईबापांपैकी एक भारतीय हवा, अशी अट आली. ३ डिसेंबर २००४ पासून आणखी: एक भारतीय हवा आणि दुसरा बेकायदा आलेला नको. जन्मावर नागरिकत्व हा नियम आपणच सोडून दिलाय.

आणि राज्याच्या हद्दीचं काय? आंध्रातल्या तेनालीत जन्मलेला एक मुलगा वडिलांच्या नोकरीमुळे नवव्या वर्षी मुंबईला आला. मुंबईतच शिकला, बारावी झाला. आंध्रात त्याचं कुटुंब अनुसूचित जमातीत गणलं गेलं होतं, त्या आधारावर त्याने मुंबईत मेडिकलला राखीव जागा मागितली. मर्री चंद्रशेखर राव विरुद्ध डीन, सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज. १९९० मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा दर्जा त्या त्या राज्यापुरता असतो, माणसाबरोबर दुसऱ्या राज्यात जात नाही. कोर्टाची कारणं होती: एका राज्यात मागास असलेला समाज दुसऱ्या राज्यात तसाच असेल असं नाही, आणि स्थानिकांच्या जागा कमी होतील. कारणं खोटी नाहीत. पण नवव्या वर्षी कुणाला विचारतात, "बाळा, राज्य बदलू का?"

आमच्या भागात हे पटकन कळतं. विजापूर जिल्हा आणि सोलापूर जिल्हा १९५६ पर्यंत एकाच मुंबई राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला विजापूर म्हैसूर राज्यात गेलं. १९६७ मध्ये महाजन आयोगाने अक्कलकोट तिकडे द्यावं असं सुचवलं, ते झालं नाही. आमच्या घरात बोलणं कन्नड, शाळा मराठी, सोयरिकी दोन्हीकडे. हद्दीची रेघ कुठेही ओढली तरी माणूस तोच असतो, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. आणि तरीही मी त्या पोरीच्या रेघेबद्दल न तपासता बोललो.

दुरुस्ती

तर माझं जुनं वाक्य असं होतं: "ओबामांनी कायदा केलाय, लहानपणी गेलेल्यांना हात लावता येत नाही." दुरुस्त वाक्य असं: तो कायदा नाही, मुदत आहे, ती २००७ पूर्वी आलेल्या आणि २०१२ मध्ये कागद नसलेल्या मुलांसाठी आहे, आणि कागद घेऊन नेलेल्या आपल्या बहुतेक मुलांना एकविसाव्या वर्षानंतर कसलंही संरक्षण नाही.

तुमच्या घरातलं कुणी लहान लेकरू घेऊन निघालं असेल तर त्यांना एवढं जरूर सांगा: मुलाचं वय आणि अर्जाची तारीख, दोन्ही एकाच कागदावर लिहून भिंतीला लावा. दहावीतच वकिलाला विचारा, विसाव्या वर्षी नाही. आणि पॉडकास्टवाल्या काकांवर विसंबू नका.

शेवटचं एक सांगतो. पुतणीने एफ-१ साठी अर्ज केला. विद्यार्थी व्हिसाची एक अट आहे: परदेशात तुमचं घर असलं पाहिजे, ते सोडून द्यायचा तुमचा इरादा नसला पाहिजे, म्हणजे शिकून तुम्ही तिकडे परत जाणार असं दिसलं पाहिजे. तिने विचारलं, "काका, मैंदर्गीचा पत्ता देऊ का? आपलं घर म्हणून?"

मी म्हटलं दे. मग दोड्डव्वाला सांगायला गेलो की बाई, पेढ्यांचं राहू दे, माझं चुकलं. सगळं समजावून सांगितलं. ती ऐकत राहिली, हातात शेंगा सोलत. शेवटी पत्त्याचंही सांगितलं.

"म्हणजे ती येणार आता?"

"नाही गं. येणार असं लिहायचंय."

"लिहायचंय म्हणजे?"

मला उत्तर देता आलं नाही. तिने सोललेल्या शेंगा पदरातून सुपात ओतल्या आणि म्हणाली, "लिही म्हणावं. घर आहेच की."

भेटू पुढच्या भागात. चूक सापडली तर व्हॉइस नोट पाठवा, पुतणीने पाठवली तशी.